पीएच.डी. करणाऱ्यांना सहा आठवडे कोकणात पाठवा

राज्यातल्या विद्यापीठांचे कुलगुरू, विद्या परिषदांचे सदस्य, पीएच.डी.चे मार्गदर्शक आणि कोकणातल्या महाविद्यालयांचे प्राचार्य यांना खुलं पत्र

सप्रेम नमस्कार.

मी तळकोकणातल्या एका अनुदानित महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवते. चौदा वर्षं झाली. त्यातली पहिली तीन सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर गेली. माझी मागणी एकच आहे, ती आधी सांगते. तुमच्या विद्यापीठात पीएच.डी. करणाऱ्या आणि पुढे प्राध्यापक व्हायचं मनात असलेल्या विद्यार्थ्याला प्रबंध सादर करण्याआधी सहा आठवडे वेगळ्या प्रकारच्या संस्थेत राहून काम करू द्या. त्यासाठी आमच्यासारख्या महाविद्यालयांशी रीतसर करार करा. आणि आमच्याकडच्या संशोधक विद्यार्थ्यांना तेवढ्याच मुदतीसाठी तुमच्याकडे घ्या.

ही मागणी माझ्या नोकरीच्या पहिल्याच पावसाळ्यात सुरू झाली.

पीएच.डी.ची पाच वर्षं मी एका मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत काढली. सकाळी पानांतून डीएनए काढायचा, दुपारी पीसीआर लावायचा, संध्याकाळी जेल बघायचं. माझे गाईड मन लावून शिकवणारे होते, त्यांच्याकडून मी चिकाटी शिकले आणि त्यांचं ऋण मानते. पण त्या पाच वर्षांत मी एकदाही वर्गासमोर उभी राहिले नाही. तिथून थेट इथे आले. पहिल्या आठवड्यात एफ.वाय.च्या, म्हणजे पदवीच्या पहिल्या वर्षाच्या, ऐंशी मुलांना कीटकभक्षी वनस्पती शिकवायच्या होत्या. मी खासी टेकड्यांतल्या नेपेंथिसचं, म्हणजे घटपर्णीचं, मोठं चित्र लावलं आणि इंग्रजीत तास घेतला. मागच्या चार रांगांनी वहीत तारीखसुद्धा लिहिली नाही. तास संपल्यावर एक मुलगी दाराशी थांबली. म्हणाली, "मॅडम, असली फुलां आमच्या सड्यार श्रावणात फुलतत. ती पण किडे खातत काय?"

मला उत्तर देता आलं नाही, कारण ती कुठल्या फुलांबद्दल बोलते आहे हेच मला माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिने स्टीलच्या डब्यातून मातीसकट रोपं आणली. सीतेची आसवं. युट्रिक्युलारिया. मुळांसारख्या दिसणाऱ्या धाग्यांवर बारीक पिशव्या, आणि त्या पिशव्यांत ओढले जाणारे पाण्यातले सूक्ष्म जीव. जांभ्या दगडावरच्या वीतभर मातीत नत्र फार थोडा असतो, म्हणून ही वनस्पती तो असा मिळवते. महाविद्यालयाच्या मागच्या बाजूला वीस मिनिटं चढून गेलं की तो सडा, म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार, लागतो. एप्रिलमध्ये काळा ठिक्कर, ऑगस्टमध्ये निळा-जांभळा. वनस्पतिशास्त्रात डॉक्टरेट घेऊन आलेली मी खासी टेकड्यांचं चित्र दाखवत होते, आणि समोर बसलेल्या मुलीच्या घराशेजारी जगात थोड्याच ठिकाणी दिसतील अशी दृश्यं उघडी पडलेली होती.

माझं प्रशिक्षण वाईट नव्हतं, ते दुसऱ्या नोकरीसाठी होतं. संशोधन विद्यापीठातला मार्गदर्शक आपल्या विद्यार्थ्याला स्वतःसारखं व्हायला शिकवतो. त्यात त्याचा दोष नाही, त्याने आयुष्यभर तेच काम पाहिलेलं असतं. पण विद्यापीठाच्या विभागांत जागा किती आणि संलग्न महाविद्यालयांत किती, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. पीएच.डी. झालेली बहुतेक मुलं कुठे जाणार, तर आमच्याकडे. आमच्याकडचं काम कसं असतं, ते त्यांना रुजू झाल्यावर कळतं.

ते काम कसं असतं, ते थोडं सविस्तर सांगते.

यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, 2018 च्या नियमांप्रमाणे शिक्षकाने वर्षातले किमान 30 आठवडे, आठवड्याला 40 तास कामासाठी द्यायचे, त्यातले सहायक प्राध्यापकाचे 16 तास प्रत्यक्ष अध्यापनाचे. हे कागदावरचं. प्रत्यक्षात टी.वाय.चं प्रॅक्टिकल साडेचारला आटपावं लागतं, कारण त्यानंतर पावणेपाचची एसटी आहे आणि ती चुकली तर वरच्या वाडीतल्या मुलींना काळोखात पाच किलोमीटर चालायचं असतं. गणपतीत आठवडाभर वर्ग रिकामा. मासेमारीची बंदी उठली की काही मुलं ट्रॉलरवर, आंब्याच्या दिवसांत काही बागेत राखणीला आणि पेट्या भरायला. त्यांना गैरहजर म्हणून काढून टाकायचं, की जर्नल पुरं करायला रविवारी बोलवायचं, हे कुठल्याच कोर्सवर्कमध्ये शिकवत नाहीत. प्रवेश समिती, एनएसएसचं सात दिवसांचं निवासी शिबिर, नॅकच्या मूल्यांकनाच्या फायली, कॅपमधले, म्हणजे विद्यापीठाच्या तपासणी केंद्रातले पेपर, परीक्षेचं सुपरव्हिजन. विभागात दोनच मंजूर पदं असली की वर्गीकरणापासून पेशीशास्त्रापर्यंत सगळं त्या दोघांनीच शिकवायचं. आणि भाषा. पुस्तक इंग्रजी, वर्गातली समज मराठी, घरची बोली मालवणी. "इन्फ्लोरेसन्स" म्हटल्यावर गप्प बसलेली मुलं "फुलोरा" म्हटल्यावर बोलू लागतात आणि "तुरो" म्हटल्यावर हसून स्वतःच उदाहरणं देतात. हा तीन पायऱ्यांचा जिना चढता-उतरता यायला मला दोन वर्षं लागली. त्या दोन वर्षांत माझ्या हाताखालून गेलेल्या मुलांना कमी मिळालं. ते मी आजही विसरलेले नाही, हे पत्र लिहिण्याचं खरं कारण तेच आहे.

आता आजूबाजूला बघा. दुसरीच्या मुलांना शिकवायचं तर डी.एड. लागतं, पाठ टाचण काढावं लागतं, छात्रसेवाकाल पुरा करावा लागतो. माध्यमिक शाळेसाठी दोन वर्षांचं बी.एड. आणि त्यात किमान 20 आठवडे शाळेतला अनुभव. एमबीबीएस झालेल्याला वर्षभर इंटर्नशिप केल्याशिवाय स्वतःचा दवाखाना थाटता येत नाही. दापोलीच्या कृषी विद्यापीठातली बी.एस्सी.ची मुलं शेवटच्या वर्षात ग्रामीण कृषी कार्यानुभवासाठी गावात राहतात, शेतकऱ्याबरोबर लावणीला चिखलात उतरतात. आम्ही सगळे त्याला 'रावे' म्हणतो, आणि त्या मुलांत सहा महिन्यांत पडलेला फरक गावातली म्हातारी माणसंसुद्धा सांगतात. पदवी महाविद्यालयात शिकवणाऱ्याला मात्र असलं काही नाही. नेट-सेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षांच्या पहिल्या पेपरात 50 प्रश्न असतात, त्यातले 5 अध्यापन अभिक्षमतेवर. चार पर्यायांतून एक निवडायचा.

नियमच नाही असं मात्र नाही. यूजीसीच्या नोव्हेंबर 2022 च्या पीएच.डी. नियमावलीत स्पष्ट लिहिलं आहे की शाखा कुठलीही असो, प्रत्येक संशोधक विद्यार्थ्याला आपल्या विषयाच्या अध्यापनाचं आणि लेखनाचं प्रशिक्षण घ्यावं लागेल, आणि ट्युटोरियल, प्रयोगशाळा, मूल्यमापन यासाठी आठवड्याला 4 ते 6 तास त्याच्यावर सोपवता येतील. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्येही हाच विचार आहे. मग हे प्रशिक्षण कुठे होतं? बहुतेक ठिकाणी त्याच विभागात, त्याच इमारतीत, कोर्सवर्कच्या एखाद्या घटकात. जे विद्यार्थी एम.एस्सी.पासून तिथेच आहेत, त्यांना तिथल्याच एम.एस्सी.च्या बारा मुलांपुढे उभं करून ते विविध महाविद्यालयांसाठी तयार होत नाहीत. नोकरी लागल्यावर इंडक्शन प्रोग्रॅम आहे, ओरिएंटेशन आहे, रिफ्रेशर आहेत. पूर्वीची अकॅडमिक स्टाफ कॉलेजं, नंतरची एचआरडीसी, आता 2023 पासून मालवीय मिशनची केंद्रं. मी त्यांतून गेले आहे आणि मला त्यांचा उपयोग झाला. पण ते सगळं रुजू झाल्यानंतरचं. पोहायला शिकवायचं ते होडीत बसवण्याआधी, हे इथल्या कुठल्याही दर्यावर्दी बापाला कळतं.

अमेरिकेत हा प्रश्न तीस वर्षांपूर्वी ऐरणीवर आला. तिथेही पीएच.डी. देणारी विद्यापीठं थोडी, आणि नोकऱ्या मात्र चार वर्षांच्या पदवी महाविद्यालयांत, दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजांत, लहान गावांतल्या संस्थांत. 1993 मध्ये तिथल्या पदव्युत्तर संस्थांच्या परिषदेने आणि महाविद्यालयं-विद्यापीठांच्या संघटनेने मिळून 'प्रिपेअरिंग फ्यूचर फॅकल्टी' हा उपक्रम सुरू केला. पीएच.डी. देणारं एक विद्यापीठ आणि त्याच्या आसपासच्या वेगवेगळ्या जातकुळीच्या काही संस्था यांचा एक गट बांधायचा. विद्यार्थ्याला आपल्या गाईडबरोबरच त्या दुसऱ्या संस्थेतला एक शिक्षक मार्गदर्शक म्हणून द्यायचा. विद्यार्थ्याने तिथे जाऊन तास बघायचे, घ्यायचे, आणि सभा-समित्यांतही बसायचं, कारण प्राध्यापकाचं काम संशोधन, अध्यापन आणि संस्थेची सेवा असं तिहेरी असतं. दहा वर्षांत 45 हून अधिक विद्यापीठं आणि जवळजवळ 300 भागीदार संस्था त्यात आल्या. 2003 पासून विज्ञान शाखांसाठी सर्टल नावाचं विद्यापीठांचं जाळंही तिथे उभं आहे. त्यातले विद्यार्थी एकमेकांच्या विद्यापीठांत जातात, आपलं संशोधन मांडतात, तिथलं शिकवणं बघतात. त्यांच्याकडचा पैसा आपल्याकडे नाही, आणि त्यांची पद्धत जशीच्या तशी उचला असं मी म्हणत नाही. दोन मार्गदर्शकांची कल्पना मात्र घेण्यासारखी आहे. तिला फारसा पैसाही लागत नाही.

आणि वेगवेगळ्या जातकुळीच्या संस्था म्हणाल तर एवढ्याशा किनारपट्टीत त्या किती आहेत! रत्नागिरीचं गोगटे-जोगळेकर महाविद्यालय 1945 पासूनचं, सावंतवाडीचं श्री पंचम खेमराज 1961 चं. दापोलीचं कृषी विद्यापीठ 1972 चं, आणि त्याचं मत्स्य महाविद्यालय रत्नागिरीजवळ शिरगावला. लोणेऱ्याला तंत्रशास्त्र विद्यापीठ. वेंगुर्ल्याचं फळ संशोधन केंद्र, जिथे तयार झालेल्या वेंगुर्ला-4 आणि वेंगुर्ला-7 या काजूच्या जाती आज कितीतरी बागांत उभ्या आहेत. शिवाय तालुक्याच्या गावांतली, चार-दोन शिक्षकांची लहान महाविद्यालयं. वनस्पतिशास्त्रात पीएच.डी. करणाऱ्या मुलाला अध्यापकाच्या नोकरीचे इतके प्रकार असतात हे कळायला पुण्या-मुंबईतल्या प्रयोगशाळेच्या खिडकीतून किती दिसणार? वेंगुर्ल्यात कलमं बांधणाऱ्या शास्त्रज्ञाबरोबर आठवडाभर फिरलेली मुलगी कदाचित ठरवेल की मला विस्तारशिक्षणातच, म्हणजे संशोधन शेतकऱ्यांपर्यंत नेण्यातच, काम करायचं आहे. आमच्याकडे येऊन गेलेला एखादा ठरवेल की हे आपल्याला जमणार नाही. तेही कळलेलं चांगलं, नोकरी लागण्याआधी कळलं तर फारच चांगलं.

इतर शाखांबद्दल मी अधिकाराने बोलू शकत नाही, पण इतिहासाच्या विद्यार्थ्याला बारसू, उक्षी, कशेळीची कातळशिल्पं आहेत. 2022 मध्ये कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, आणि त्यांच्यावर विचारायचे प्रश्न अजून बरेच शिल्लक आहेत. भाषेच्या विद्यार्थ्याला काय आहे ते मालवणी बोलणाऱ्या कुठल्याही स्टाफरूममध्ये बसून कळेल.

सहा आठवडे कसे असावेत याचा मी आमच्याकडच्या पंचांगाने विचार केला आहे. गुरुपौर्णिमा झाली की यावं आणि गणपतीच्या तोंडावर सामान बांधावं. या दिवसांत वर्ग भरलेले असतात आणि सडे फुललेले असतात. पहिला आठवडा फक्त बघायचं: माझे तास, माझ्या सहकाऱ्यांचे तास, प्रवेशाच्या खिडकीपुढची रांग, फी हप्त्याने भरू द्या म्हणून आलेली आई. दुसऱ्या आठवड्यापासून आठवड्याला 4 ते 6 तास, नियमावलीत आहेत तेवढेच. एक घटक स्वतः आखायचा, टाचण काढायचं, शिकवायचं, त्यावरची चाचणी स्वतः तपासायची. मधे एक दिवस एफ.वाय.च्या मुलांपुढे आपलं संशोधन मराठीत मांडायचं. ही सगळ्यात अवघड परीक्षा आहे आणि प्रबंधाच्या प्रस्तावनेलाही तिचा फायदा होईल. राहिलेला वेळ विद्यार्थ्याचा, लिहायला आणि सड्यावर जायला. शेवटी दोन्ही मार्गदर्शकांनी मिळून अहवाल द्यावा आणि कोर्सवर्कमध्ये त्याचे श्रेयांक धरावेत.

आता एक अट. या अटीवर तडजोड झाली तर ही योजना न केलेली बरी, असं मी विचारपूर्वक लिहिते आहे. आलेल्या विद्यार्थ्याला रिक्त जागेवर वापरायचं नाही. मी तीन वर्षं सीएचबीवर काढली आहेत. तासाला मोजून पैसे, सुट्टीत शून्य, जूनमध्ये पुन्हा मुलाखत. आमच्या महाविद्यालयांत पदं रिकामी आहेत, आणि फेलोशिपवरचा फुकटचा माणूस मिळतो म्हटल्यावर त्याच्या गळ्यात अख्खं वर्कलोड बांधायचा मोह होईल. प्राचार्यांनो, हे तुमच्यासाठी आहे. म्हणून करारात लिहा: विद्यार्थी वर्गात असेल तेव्हा यजमान शिक्षक वर्गात बसलेला असलाच पाहिजे, विद्यार्थ्याचे तास कुणाच्याही वर्कलोडमध्ये मोजले जाणार नाहीत, त्याच्यामुळे एकाही सीएचबी शिक्षकाचा एकही तास कमी होणार नाही. मुलगा किंवा मुलगी इथे शिकायला येते आहे.

मार्गदर्शकांचा आक्षेप मला ठाऊक आहे, मी स्वतः आता दोघींना मार्गदर्शन करते. "प्रयोग अर्धवट सोडून जायचं का?" पीएच.डी.ला कमीत कमी तीन वर्षं लागतात, म्हणजे दीडशेच्या वर आठवडे. त्यातले सहा. ते कधी द्यायचे हे मार्गदर्शकाने ठरवावं, पण द्यायचेच हे विद्यापीठाने ठरवावं. मार्गदर्शकाच्या मर्जीवर सोडलं तर सगळ्यात गुणी विद्यार्थ्याला कुणीच सोडणार नाही. तो काळ हजेरीत धरा आणि फेलोशिप चालू ठेवा. नेटमधून कनिष्ठ संशोधन फेलोशिप (जेआरएफ) मिळालेल्यांना 2023 पासून महिना 37,000 रुपये मिळतात, त्यांचं भागेल. ज्यांना कुठलीच फेलोशिप नाही त्यांचा प्रवास आणि राहणं विद्यापीठाने द्यावं, नाहीतर ही संधी फक्त ज्यांचं बरं चाललं आहे त्यांचीच राहील.

उलट्या दिशेबद्दल मला तितक्याच कळकळीने लिहायचं आहे. कोकणातून शिकायला बाहेर जाण्याची वाट जुनी आहे. मुरुडचे धोंडो केशव कर्वे परीक्षेसाठी घाट चढून पायी साताऱ्याला गेले, आणि वय लहान दिसतं म्हणून त्यांना परीक्षेला बसू दिलं नाही. पुढे 1891 मध्ये तेच फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायला लागले. आज घाटात एसटी आहे, कोकण रेल्वे आहे, पण आमच्या संशोधन केंद्रातल्या मुलीला मोठ्या विद्यापीठातल्या कन्फोकल मायक्रोस्कोपसमोर चार दिवस बसायचं तर अजूनही ओळख लागते. माझी एक विद्यार्थिनी दीपकाडीवर काम करते. दीपकाडी ही कोकण-गोव्याच्या सड्यांपलीकडे न आढळणारी, कांदा असलेली नाजूक वनस्पती. मुलगी सड्यावर तिची एकेक जागा ओळखते, बी कधी पडतं ते सांगते. गुणसूत्रांचं काम करायला मात्र तिला तीन ठिकाणी पत्रं पाठवावी लागली आणि दोन ठिकाणांहून उत्तरच आलं नाही. करार असता तर सहा आठवडे तिचे हक्काचे झाले असते. तुमचे विद्यार्थी इथे येऊन जे शिकतील ते तिने तिथे जाऊन शिकवलंही असतं, कारण सड्याबद्दल तिच्याइतकं सांगणारं तुमच्या विभागात कुणी नाही.

तिच्या मनात आणखी एक गोष्ट आहे, ती तिने मला बसस्टॉपवर सांगितली. तिला वाटतं की खरं संशोधन करायचं तर गाव सोडावं लागेल, आणि गावात राहायचं तर संशोधन सोडावं लागेल. पुण्याचा एखादा संशोधक इथे येऊन सहा आठवडे तिच्या टेबलाशेजारी बसला असता, तर तिला हा प्रश्न वेगळा दिसला असता. त्यालाही.

कोकणातल्या प्राचार्यांना आणि संस्थाचालकांना शेवटचं सांगणं घरगुती आहे. येणाऱ्यांत निम्म्याहून जास्त मुली असतील असं धरून चाला. राहायची खोली महाविद्यालयाजवळ असावी, कडी नीट लागावी, स्वच्छतागृह आत असावं, पावसात वीज जाते म्हणून बॅटरीचा दिवा असावा. जेवणाची सोय मेसमध्ये किंवा एखाद्या शिक्षकाच्या घरी, पैसे ठरवून. "ॲडजस्ट करा" हा शब्द वापरू नये.

आमच्या प्राचार्यांशी मी बोलले आहे. स्टाफ क्वार्टर्समधली एक खोली रिकामी आहे, तिचं छप्पर मेमध्ये शाकारून घेऊ. पहिल्या वर्षी दोघांनाच बोलवायचं, एक विज्ञानाचा आणि एक कला शाखेचा, असं ठरलं आहे. यजमान शिक्षक म्हणून माझं नाव लिहा. कराराचा मसुदा तुमच्यापैकी कुणीही मागितला तर दुसऱ्या दिवशी पाठवते. येणाऱ्यांना एवढंच कळवा की चामड्याच्या चपला आणू नयेत, सड्यावर त्या सटकतात.

आपली नम्र,
वनस्पतिशास्त्राची एक अध्यापिका,
तळकोकण